माझं 'मज' मला ठेवा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त हो,

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की गावोगावच्या दत्तमंदिरांत गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. पोथ्यांचे रुमाल सुटतात, समया घासून लख्ख होतात. त्या निमित्ताने चार शब्द लिहा, असा निरोप संपादक मंडळींकडून आला. विषय सुचायला वेळ लागला नाही, कारण गेली वीस-एक वर्षे तो माझ्या मनात ठाण मांडून बसलेला आहे. पण निरूपणाच्या आधी एक कबुली द्यायची आहे. अपराध माझा आहे आणि तो दत्तासमोरच घडलेला आहे.

मी शाळेत मराठी शिकवीत असे. निवृत्तीनंतर आमच्या गावच्या दत्तमंदिराच्या आरतीपुस्तकाची नवी आवृत्ती काढायचे काम मंडळींनी माझ्याकडे दिले. जुनी पुस्तके जीर्ण झाली होती, पाने गळत होती. मी म्हटले, नुसते पुनर्मुद्रण कशाला? भाषाही थोडी सोपी करू. आजच्या पोरांना 'मज', 'तुज', 'तया', 'जया', 'म्यां' हे शब्द कुठे कळतात? मग मी लाल शाई घेऊन बसलो. 'मज'चे 'मला' केले, 'तुज'चे 'तुला', 'तया'चे 'त्याला'. 'म्यां' दिसला की तिथे 'मी'. पाचशे प्रती छापल्या. दत्तजयंतीला त्या वाटल्या तेव्हा मला मोठे समाधान वाटले होते.

त्या संध्याकाळी जन्म झाला, पाळणा झाला, आरती सुरू झाली. ध्वनिवर्धकासमोर तरुण मंडळी नवे पुस्तक धरून म्हणत होती आणि खाली बसलेली जुनी माणसे पाठ असलेले म्हणत होती. जिथे मी शब्द बदलला होता तिथे दोन सूर एकमेकांवर आदळले. टाळ चुकले. एक कडवे कसेबसे पार पडले.

खांबाशी एक आजी बसायच्या. अक्षरओळख नाही. सारे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करण्यात गेलेले. पण आरत्या, पदे, अष्टके सगळी तोंडपाठ. त्या मध्येच थांबल्या आणि नंतर नुसत्या टाळ्या वाजवीत राहिल्या. सुंठवडा वाटताना मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटले, "आजी, आज आवाज नाही आला तुमचा?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं. पुस्तकात काय बदलायचं ते बदला. माझं 'मज' तेवढं मला ठेवा."

मी हसलो. म्हटले, "अहो आजी, 'मज' म्हणजेच 'मला'. अर्थ एकच आहे."

"आसंल," त्या म्हणाल्या. "पण 'मला' म्हणते मी वाण्याच्या दुकानात. मला पावशेर साखर दे. दत्ताच्या म्होरं मी 'मज' म्हणते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्या दिवशी मला त्यातले काही कळलेही नाही. त्यानंतर त्या रोज येत, पण ती आरती आली की गप्प होत. पुढच्या आषाढात आजी गेल्या. तोवर मी काही पुस्तक दुरुस्त केले नव्हते. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडात साठ वर्षे असलेला शब्द मी काढून घेतला आणि तो परत द्यायच्या आत ती निघून गेली. ही माझी कबुली. पुढचे निरूपण म्हणजे तिच्या त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे समजा.

अमृताच्या ताटात नरोटी

माझी पहिली चूक व्याकरणाची नव्हे, तालाची होती. आरती मात्रांवर चालते. 'मज' म्हणजे दोन लघू, दोन मात्रा. 'मला' म्हणजे लघू आणि गुरू, तीन मात्रा. 'तुज' दोन, 'तुला' तीन. 'तया' तीन, 'त्याला' चार. एक मात्रा वाढली की टाळ पुढे जातो आणि जीभ मागे राहते. शाळेत वृत्ते शिकवणाऱ्या माणसाला हे सुचू नये, यालाच म्हणतात दिव्याखाली अंधार.

दुसरी चूक मोठी. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य, दत्तसंप्रदायाचे आपले एकनाथ महाराज. त्यांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद फार शिरले होते. ज्याने त्याने आपापल्या सोयीने शब्द बदललेले, मधे ओव्या घातलेल्या. नाथांनी पोथ्या ताडून शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवी! भागवतावर टीका लिहिणारे. त्यांना चार ओव्या घालणे अवघड होते काय? पण त्यांनी स्वतःची एकही घातली नाही. उलट पुढच्यांना बजावून ठेवले की या ग्रंथात कोणी आपली मराठी ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नारळाची रिकामी नरोटी ठेवल्यासारखे होईल.

मी तर अख्ख्या पाचशे नरोट्या छापल्या होत्या.

आणि गंमत पहा. शुद्धलेखनाचे जे नियम मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले, ते मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम. त्यांनीच आपल्या लिहिण्यातले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. 'तूं'चा 'तू' झाला, 'तें'चे 'ते' झाले. पण त्याच नियमावलीत असेही सांगितलेले आहे की केशवसुतांच्या आधीचे पद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते की जुन्या वाणीला हात लावायचा नसतो. नियम मला पाठ होता, त्यातला विवेक तेवढा पाठ नव्हता.

चतुर्थीचे 'मज'

आता आजींच्या शब्दाकडे येऊ. शाळेत आपण सगळ्यांनी विभक्ती घोकल्या आहेत. 'मी' या सर्वनामाची द्वितीया आणि चतुर्थी काय? मला, मज. दोन्ही रूपे शेजारी शेजारी. मग आजी कोणता फरक सांगत होत्या?

चतुर्थीचा मुख्य अर्थ संप्रदान. ज्याला द्यायचे तो चतुर्थीत उभा राहतो. 'मला' आणि 'मज' दोघेही हात पसरून उभे आहेत. पण 'मला' दिवसभर पसरलेलाच असतो. मला चहा दे. मला पगारवाढ हवी. मला कोणी विचारत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत 'मला'ला उसंत नाही. 'मज'ला मात्र आता जगात दुसरे काम उरलेले नाही. बाजारात त्याला कोणी ओळखत नाही, कचेरीत त्याचा अर्ज चालत नाही. तो फक्त देवापुढे उभा राहण्यापुरता उरला आहे.

आपल्या घरात पाणी प्यायला पेले असतात, तांबे असतात. तरी देवघरात पळी-पंचपात्री वेगळी असते. पाणी त्याच नळाचे. मग ताम्हनात पेल्याने पाणी सोडले तर बिघडले काय? तर्काने काही बिघडत नाही. पण पळी हातात घेतली की हाताला कळते, आता आपण कोणापुढे बसलो आहोत. 'मज' ही तशी पळी आहे. आजींना वाचता येत नव्हते, पण पेला कुठला आणि पळी कुठली हे त्या चुकत नव्हत्या.

ज्ञानेश्वर माउलींनी अवघी ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर शेवटी जे दान मागितले, तिथेही स्वतःसाठी 'मज' हाच शब्द आहे. आणि मागितले काय? सगळ्या जगाचे भले. मागणारा 'मज' आणि मिळणार सर्वांना. चतुर्थीचा हात असा पसरावा. माझ्या ओंजळीत पडलेले पुढे वाहून जावे.

तृतीयेचे 'म्यां'

दुसरा शब्द 'म्यां'. तृतीया विभक्ती. तृतीयेचा अर्थ करण, म्हणजे साधन. कोयत्याने ऊस तोडला, लेखणीने लिहिले. व्याकरणात तृतीया कर्त्यालाही लागते हे खरे, पण लागते तेव्हा त्या कर्त्याला साधनाच्याच रांगेत बसवते. 'म्यां केले' म्हणजे माझ्याकडून झाले.

आज आपण म्हणतो, "मी केलं." प्रथमेतही 'मी' आणि तृतीयेतही 'मी'. कानाला फरक कळत नाही. मग बोलता बोलता 'मी' फुगतो. मी घर बांधले. मी मुले शिकवली. मी मुलीचे लग्न थाटात केले. आपण वयस्कर माणसे चौथऱ्यावर बसलो की दुसरे काय बोलतो? घर बांधायला गवंडी होते, मुले शिकली ती त्यांच्या अभ्यासाने, आणि लग्नाच्या दिवशी पाऊस पडला नाही तो कोणी थांबवला? पण 'मी' कोणाला आत येऊ देत नाही.

'म्यां' म्हटले की आपोआप थोडे मागे सरकावे लागते. कोयता तोडतो खरा, पण कोयता ऊस पिकवीत नाही. गावाकडच्या बायाबापड्यांच्या बोलण्यात हा शब्द अजून आहे बरे का. "म्या सांगितलं व्हतं." आपण त्याला अडाणी बोली म्हणतो आणि तोच शब्द पोथीत आला की जुनी मराठी म्हणून हात जोडतो.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. 'माझ्याकडून झाले' याचा उपयोग पळवाटेसारखा करायचा नाही. चांगले झाले ते देवाने केले म्हणावे, वाईट झाले तेही देवावर ढकलावे, असे नव्हे. संतांनी आपले अपराध कबूल करतानाही 'म्यां'च म्हटले आहे. पुण्याच्या वेळी साधन आणि पापाच्या वेळी जबाबदार, असा तो शब्द आहे. पुस्तकातले शब्द म्यां बदलले, हे मला म्हटलेच पाहिजे.

देवाला 'तूं' कसे म्हणावे?

आता सर्वांत अवघड सर्वनाम. एकदा प्रवचनानंतर एक गृहस्थ मला म्हणाले, "महाराज, आम्ही वडिलांना जन्मभर 'अहो बाबा' म्हणत आलो. साहेबांना 'आपण' म्हणालो. आणि ज्याच्यापुढे साहेबही लहान, त्या देवाला 'तूं' म्हणायचे? जीभ अडखळते."

प्रश्न चांगला आहे, आणि जुना आहे. महाभारतात कर्णपर्वात एक प्रसंग येतो. रणातून परतलेल्या युधिष्ठिराने रागाच्या भरात अर्जुनाला म्हटले, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. आणि अर्जुनाची तर प्रतिज्ञा होती की जो असे म्हणेल त्याचा वध करीन. त्याने तलवारीला हात घातला. तेव्हा श्रीकृष्णाने तोड काढली. मोठ्या माणसाला 'त्वम्', म्हणजे 'तू', असे म्हणणे हाच त्याचा वध होय. तेवढे कर, प्रतिज्ञा पुरी होईल. अर्जुनाने थोरल्या भावाला 'तू' म्हटले, कठोर बोलला आणि नंतर पश्चात्तापाने व्याकूळ झाला. एका सर्वनामाला एवढी धार!

आणि हाच अर्जुन गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून थरथर कापतो. म्हणतो, तुझा महिमा न जाणता मी तुला सखा समजून कशाही हाका मारल्या, क्षमा कर. आता तो 'भवान्' म्हणेल, सांभाळून बोलेल, असे आपल्याला वाटते. पण नाही. क्षमा मागतानाही तो 'त्वम्'च म्हणत राहतो. बाप लेकाला, मित्र मित्राला सांभाळून घेतो तसे मला घे, असे मागतो. थोरल्या भावाला म्हटलेला 'तू' शस्त्र झाला आणि देवाला म्हटलेला 'तू' आसरा झाला. शब्द तोच. फरक पडला तो बोलणाऱ्याच्या मनातला.

आपल्या घराकडेच पहा ना. जुन्या घरांतही वडिलांना 'अहो' असे, पण आईला? "अगं आई, तू जेवलीस का?" आईला 'तू' म्हणणारे मूल आईला कमी लेखते काय? वडिलांच्या खोलीत जाताना सदरा नीट करावा लागे. आईजवळ ताप अंगात घेऊन, नाक गळत असताना, जसे आहोत तसे जाता येई. 'तूं' हा आईकडे जायचा दरवाजा आहे. म्हणून अथर्वशीर्षात गणपतीला पावलोपावली 'त्वम्' म्हटले आहे. म्हणून टेंबेस्वामींच्या करुणात्रिपदीत दत्ताला माता म्हणताना 'तूं' आहे. वासुदेवानंद सरस्वती म्हणजे केवढे कडक आचाराचे संन्यासी! शास्त्राच्या रेषेबाहेर पाऊल न टाकणारे. पण आळवायची वेळ आली तेव्हा त्यांनी 'आपण' म्हटले नाही. करुणा भाकायला 'तूं'च लागतो.

गुरुचरित्रात नामधारक सिद्धांना विनवतो तेव्हाही 'तूं' आणि 'तुज' म्हणतो, आणि 'स्वामी' असेही म्हणतो. आदर आणि जवळीक एकाच वाक्यात. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची घरची भाषा कानडी, मराठी आपली नव्हे हे त्यांनीच ग्रंथात सांगितले आहे. तरी मराठीत गुरूपुढे उभे राहताना कोणते सर्वनाम घ्यायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आणि पलीकडून उत्तर येते तेही याच शब्दात. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतू बारा वर्षे शिकून, विद्येचा ताठा घेऊन घरी येतो. बाप उद्दालक त्याला एकेक दृष्टांत देतो आणि नऊ वेळा तेच महावाक्य ऐकवतो, तत्त्वमसि. तीन पदांचे ते वाक्य. त्यातली दोन सर्वनामे, 'ते' आणि 'तू'. आपण देवाला ज्या 'त्वम्'ने हाक मारतो, त्याच 'त्वम्'ने गुरू आपल्याला हाक मारतो. जाण्याची आणि येण्याची वाट एकच.

अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचे अभयवचन तुम्ही रोज पाहता. रिक्षाच्या मागे असते, दुकानाच्या पाटीवर असते. न भिण्याविषयी आणि पाठीशी असण्याविषयी. ते नीट वाचा. त्यात 'मी' एकदाच येतो आणि तो आपला नाही, स्वामींचा आहे. आपल्या वाट्याला आले आहे ते 'तुझ्या'. आपला 'मी' त्यात कुठे बसतच नाही, म्हणून तर ते वाचून धीर येतो.

'मम' पासून 'न मम' पर्यंत

आता षष्ठी. करुणात्रिपदीच्या सुरुवातीलाच 'मम' येतो. 'माझे' या अर्थाचा हा संस्कृत शब्द. स्वामींनी 'मम' म्हणून पुढे काय ठेवले? घर नाही, शेत नाही. चित्त ठेवले. खवळलेले, अस्वस्थ चित्त. माझे म्हणण्यासारखे माणसाजवळ खरोखर तेवढेच असते.

पूजेत आपण संकल्प सोडतो, तिथे गुरुजी 'मम' म्हणायला लावतात. माझ्या, माझ्या कुटुंबाच्या क्षेमासाठी. आणि पूजा संपताना पाणी सोडतो तेव्हा म्हणतो, 'न मम'. हवनात प्रत्येक आहुतीनंतर 'न मम'. म्हणजे पूजेचा सारा प्रवास 'मम'पासून 'न मम'पर्यंत आहे. मधे फुले, अभिषेक, नैवेद्य. आपण मधल्यात रमतो आणि दोन टोके तोंडाने नुसती उच्चारून टाकतो.

शास्त्राने आपल्या दोन रोगांची नावेही सर्वनामांवरूनच ठेवली आहेत. 'अहम्'वरून अहंता आणि 'मम'वरून ममता. पथ्य पाळायचे तेही इथेच, रोग जिथे आहे तिथेच.

आपण

मराठीत एक सर्वनाम असे आहे की ज्यासाठी मी या भाषेचा ऋणी आहे. 'आपण'. याचे मूळ संस्कृत 'आत्मन्' या शब्दात आहे. आणि अर्थ किती? 'आपण' म्हणजे स्वतः. 'आपण' म्हणजे समोरचा आदरणीय माणूस, लग्नपत्रिकेत 'आपण अगत्य यावे' लिहितो तसा. आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. 'आम्ही जेवतो' म्हटले तर दारातला पाहुणा बाहेर राहिला. 'आपण जेवू' म्हटले की त्याचे पान मांडले गेले. मी, तुम्ही आणि सर्व, तिघेही एका शब्दात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी आत्मा. वेदान्ताचा एवढा मोठा सिद्धांत आपल्या बायका रोज पंगतीत वाढतात, "बसा, आपण सगळे बरोबरच बसू."

बोळवण

आता शेवटाकडे येतो. नाथांनी दत्ताची जी आरती रचली, ती आपण सगळे म्हणतो. तिच्या अखेरच्या कडव्यात त्यांनी मीपण आणि तूंपण या दोघांनाही निरोप दिला आहे. त्यासाठी त्यांनी निवडलेला शब्द आहे 'बोळवण'. हा शब्द नीट समजून घ्या. बोळवण शत्रूची करत नाहीत. लेक सासरी निघाली की बोळवण, पाहुणा निघाला की बोळवण. ओटी भरून, शिदोरी देऊन, वेशीपर्यंत पोचवून. नाथांनी 'मी'ला धक्के मारून हाकलले नाही. त्याने आजवर सोबत केली, 'तूं'ला हाक मारायला तोच तर होता. आता भेट झाली, त्याचे काम संपले, मानाने निरोप दिला.

यातच क्रम सांगितलेला आहे. ज्याला 'मज' आणि 'तुज' म्हणता येत नाही, त्याने एकदम 'मी-तू सगळे एकच' असे म्हणणे हा नुसता तोंडाचा वेदान्त झाला. लेक घरात वाढली, तिचे लाड झाले, मग बोळवण. जी घरात आलीच नाही तिची बोळवण कशी करणार? आधी 'मज' म्हणून हात पसरावा, 'म्यां' म्हणून नम्र व्हावे, 'तूं' म्हणून जवळ जावे, 'न मम' म्हणून मोकळे व्हावे. मग बोळवण आपोआप होते.

अजपा जपाची खूणही हीच. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हं'. 'सः' म्हणजे तो, 'अहम्' म्हणजे मी. योगमार्गात दिवसाचे एकवीस हजार सहाशे श्वास धरतात. तेवढ्या वेळा 'तो' आणि 'मी' एकमेकांना भेटतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

आणि शेवटी आपला अठरा अक्षरांचा महामंत्र. टेंबेस्वामींनी दिलेला, आज पालखीपुढे घुमणारा. त्यातली पदे मनातल्या मनात तपासून पहा. त्यात 'मी' नाही, 'तूं' नाही, 'मज' नाही, 'तुज' नाही. क्रियापदही नाही. मागणे नाही, सांगणे नाही. आहे ते केवळ संबोधन. नुसती हाक. विभक्तीच्या तक्त्यात संबोधन सगळ्यांत शेवटी असते. मुले परीक्षेत ते लिहायलाच विसरतात, मी अर्धा गुण कापीत असे. आज कळते, सगळा तक्ता तिथे पोचण्यासाठीच आहे.

यंदाचे पुस्तक

दत्तभक्त हो, आमच्या मंदिराच्या पुस्तकाची यंदा पुन्हा नवी आवृत्ती निघत आहे. पुन्हा तोच प्रश्न आला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, मुलांना हे शब्द कळत नाहीत. सोपे करू या का?" तो माझ्यासारखाच भल्या मनाने विचारत होता. त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही.

मी त्याला आजींची गोष्ट सांगितली. मग आम्ही ठरवले, आरत्या जुन्या पोथ्यांवरून ताडून जशाच्या तशा छापायच्या. शेवटी एक पान जोडायचे. मज म्हणजे मला, तुज म्हणजे तुला, तया म्हणजे त्याला, म्यां म्हणजे मी, माझ्याकडून. जेमतेम वीस शब्दांचे पान. मुलांना जड शब्द कळत नाहीत म्हणून आपण ते काढून टाकतो, पण सांगायला पाच मिनिटे बसत नाही. खरी अडचण शब्दांची नाही, आपल्या बसण्याची आहे.

तेव्हा माझी आपणा सर्वांना विनंती एवढीच. या जयंतीला नातवंडांपैकी एकाला जवळ घ्या. आरतीतला एक जुना शब्द त्याला विचारा, नाही आला तर सांगा. तुम्हालाही येत नसेल तर दोघे मिळून कोणाला तरी विचारा. आणि गावात अजून पाठ म्हणणारी एखादी आजी असेल, तर तिच्या शेजारी बसून तिच्या चालीने म्हणा. पुस्तक बाजूला ठेवले तरी चालेल.

आमच्या मंदिरात तो खांब अजून आहे. यंदा पाळण्यानंतर मी तिथे बसणार आहे. ती आरती येईल तेव्हा त्या एका शब्दाशी माझा आवाज थोडा मोठा होईल. ज्यांचा तो शब्द होता त्यांना तो ऐकू जाईल की नाही, ते दत्तालाच ठाऊक. अपराध म्यां केला. क्षमा तूं करावीस.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥